गेटचं गाइड विकत घेण्याआधी

गेटसाठी, म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एमटेकला जाण्यासाठी देतात त्या देशपातळीवरच्या परीक्षेसाठी, कुठलं गाइड घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आता पुस्तकाचं नाव सांगत नाही. आधी विचारते, "गेल्या वर्षीचा पेपर बघितलास का?" बहुतेक जण नाही म्हणतात.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवते. मुलं आसपासच्या तालुक्यांतून येतात, घरातले पहिलेच इंजिनिअर असणारे पुष्कळ. फायनल इयर सुरू झालं की एखादा सीनिअर एक नाव सांगतो, यूट्यूबवरचे सर दुसरं सांगतात, आणि येत्या शनिवारी पुण्याला जाऊन अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं आणायची हे घरी ठरूनही जातं. सगळ्या विषयांचा संच घ्यायचा तर काही हजार रुपये सहज जातात. ज्या घरात त्याच महिन्यात धाकट्याचीही फी भरायची असते तिथे ही रक्कम लहान नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं असं की गाइड सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी पेपर बघायचा, मग अधिकृत अभ्यासक्रम वाचायचा, त्यातलं आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याचा अंदाज घ्यायचा, आणि मगच दुकानात जायचं. तिथे गेल्यावरही जाडी, मुखपृष्ठ, "नवीन आवृत्ती"चा शिक्का हे सगळं बाजूला ठेवून एकच बघायचं, हे पुस्तक प्रश्न सोडवून कसं दाखवतं.

हा क्रम आपल्याकडे उलटा का होतो, याचं कारण मुलांमध्ये नाही, आमच्या विद्यापीठांच्या परीक्षांमध्ये आहे. तीन वर्षं मुलगा सेमिस्टरच्या पेपरांना बसलेला असतो. युनिटवार प्रश्न, व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, टिपा द्या, आकृती काढा. मागचे पाच-सहा पेपर काढले की कुठला प्रश्न फिरून येणार ते कळतं, आणि स्थानिक लेखकाच्या गाइडात त्याचं उत्तर परीक्षेला हवं तेवढ्याच लांबीचं तयार मिळतं. गणित अर्धं सुटलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. या व्यवस्थेत गाइड हेच पुस्तक ठरतं, आणि परीक्षेपुरतं ते पुरतंही. मुलं हुशार असतात, जे चालतं ते ओळखतात. आम्ही शिक्षकांनी त्यांच्यापुढे जी परीक्षा ठेवली तिला योग्य तीच पद्धत त्यांनी उचलली.

तीच पद्धत घेऊन मूल गेटकडे जातं तेव्हा मात्र घोटाळा होतो. गेट घेतात बेंगळुरूची आयआयएससी आणि मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी, गुवाहाटी या सात आयआयटी, आळीपाळीने. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, सिव्हिल-मेकॅनिकलसारख्या शाखांना साधारण १३ गुण इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे, उरलेले ७२ विषयाचे. प्रश्न तीन जातींचे. एमसीक्यू, म्हणजे चारांतला एक पर्याय. चुकलं तर एका गुणाच्या प्रश्नाला १/३ आणि दोन गुणांच्या प्रश्नाला २/३ वजा. एमएसक्यू, २०२१ पासून आलेले. यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर निवडले तरच गुण, अर्धवट बरोबरला काही नाही. आणि एनएटी, जिथे पर्यायच नसतात, आकडा काढून टाइप करायचा. शेवटच्या दोन्हींना निगेटिव्ह मार्किंग नाही. पायऱ्या बघायला कुणी बसलेलं नसतं. प्रश्न फिरून येत नाहीत, संकल्पना फिरून येतात, आणि दर वेळी वेगळ्या कपड्यांत येतात.

"पेपर बघितलास का" हे मी म्हणूनच आधी विचारते. त्याला पैसे लागत नाहीत. ज्या संस्थेकडे त्या वर्षी गेट असते तिच्या संकेतस्थळावर मागच्या कित्येक वर्षांचे पेपर मिळतात, अलीकडच्या वर्षांच्या उत्तरसूचीही मिळतात. एका रविवारी तीन तास लावून एक पेपर सोडवायचा. सोडवता येणार नाही, हे गृहीत धरूनच बसायचं. किती गुण पडले याला त्या दिवशी काहीच महत्त्व नाही. कुठल्या प्रश्नाला विषयच आठवला नाही, कुठे सूत्र आठवलं पण सुरुवात सुचली नाही, कुठे सगळं जमलं आणि शेवटच्या आकडेमोडीत गेलं, एवढं समासात लिहून ठेवायचं. हा कागद खिशात असलेला मुलगा दुकानात गेला की दुकानदार त्याला काहीही विकू शकत नाही.

अभ्यासक्रमाचंही तसंच. सिव्हिलचा गेटचा अभ्यासक्रम मोजक्या पानांचा आहे: गणित, स्ट्रक्चर्स, जिओटेक, वॉटर रिसोर्सेस, एन्व्हायर्न्मेंट, ट्रान्सपोर्टेशन आणि जिओमॅटिक्स. ती पानं प्रिंट काढून गाइडच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवा. कित्येक गाइडांच्या मुखपृष्ठावर गेट, ईएसई (केंद्राची इंजिनिअरिंग सेवा परीक्षा), पीएसयू (सरकारी कंपन्यांची भरती), जेई, एई (ज्युनिअर आणि असिस्टंट इंजिनिअरच्या भरतीच्या परीक्षा) अशी सगळ्या परीक्षांची नावं एका ओळीत छापलेली असतात. वाटतं, एका पैशात पाच परीक्षा. पण या परीक्षा एकमेकींसारख्या नाहीत. ईएसईच्या पूर्वपरीक्षेला आणि जेईला माहितीचा विस्तार लागतो. कुठल्या सिमेंटचा इनिशिअल सेटिंग टाइम किती, विटेचं प्रमाण माप काय, असे प्रश्न तिथे येतात. गेटला थोड्या गोष्टी खोल समजलेल्या लागतात. पाचही परीक्षांसाठी केलेल्या पुस्तकात पाठांतराचे एका ओळीचे प्रश्न शेकड्यांनी भरलेले असतात. मूल ते सोडवत जातं, भराभर बरोबर येतात, तयारी चाललीय असं वाटतं, आणि डिसेंबरात पहिली मॉक टेस्ट दिली की रडकुंडीला येतं. असं झालेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यांचे कष्ट कमी नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा, प्रश्न सोडवून दाखवण्याचा.

सॉइल मेकॅनिक्समधला इफेक्टिव्ह स्ट्रेस घ्या, म्हणजे मातीवरच्या एकूण दाबातून (टोटल स्ट्रेस) कणांमधल्या पाण्याचा दाब (पोअर प्रेशर) वजा करून उरतो तो कणांमधला दाब. तळ्याच्या तळाखाली काही मीटरवर मातीत एक बिंदू आहे. तळ्यातलं पाणी २ मीटरने चढलं. त्या बिंदूपाशी इफेक्टिव्ह स्ट्रेस कितीने बदलला? उत्तर शून्य. चढलेल्या पाण्याच्या वजनाने टोटल स्ट्रेस २ × ९.८१ म्हणजे १९.६२ केपीए वाढतो, पोअर प्रेशरही तेवढंच वाढतं, वजाबाकीत काही उरत नाही. एखादं गाइड हे असं सोडवतं: आधीचा टोटल स्ट्रेस, आधीचं पोअर प्रेशर, नंतरचा टोटल स्ट्रेस, नंतरचं पोअर प्रेशर, दोन वजाबाक्या, उत्तर शून्य, पुढचा प्रश्न. चूक कुठेही नाही. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? पेपरात तळं नसेल, साधी जमीन असेल, भूजलाची पातळी ३ मीटर खाली असेल आणि ती वर आली असेल, तर इफेक्टिव्ह स्ट्रेस कमी होतो. "पाणी चढलं तर बदल शून्य" असं मनात बसलेलं मूल इथेही शून्य लिहून येतं. चांगलं गाइड त्या पहिल्या उत्तराखाली दोनच वाक्यं जास्त लिहितं. पाणी जमिनीच्या वर आहे तोवर त्याची पातळी कितीही बदलो, मातीच्या कणांमधल्या दाबाला फरक पडत नाही. पातळी जमिनीच्या आत खेळू लागली की पडतो. आपण पैसे देतो ते त्या दोन वाक्यांचे. नुसती आकडेमोड तर उत्तरसूची बघून मुलं स्वतःही जुळवतात.

म्हणून दुकानात गेल्यावर दोन जागा उघडून बघा. पहिली, तुम्हाला सगळ्यात चांगला येणारा विषय. तिथली तीन-चार उत्तरं वाचा. विषय येत असल्यामुळे लेखक कुठे हात झटकतो, कुठे "स्पष्टच आहे" म्हणून उडी मारतो, ते लगेच दिसतं. दुसरी, तुम्हाला सगळ्यात अवघड जाणारा विषय. तिथलं एक उत्तर सावकाश वाचा. पूर्ण कळलं नाही तरी चालेल, पण पुढची पायरी का घेतली याचं कारण सापडतंय का ते बघा. कारणं नसतील तर पुस्तक परत द्या. अप्पा बळवंत चौकात गर्दीच्या दिवसांत काउंटरवर उभं राहून नाव सांगायचं आणि पुस्तक पिशवीत घालून घ्यायचं, अशी सवय आहे. तसं करू नका. सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा, "काका, जरा बघू द्या" म्हणा. गर्दी नसली की दुकानदार बघू देतात. त्यापेक्षा चांगलं म्हणजे गेल्या वर्षी परीक्षा दिलेल्या एखाद्या ताईकडून किंवा दादाकडून तेच पुस्तक दोन दिवस मागून आणा.

एनएटीच्या बाबतीत आणखी एक तपासणी लागते. काही गाइडांत बऱ्याचशा गणितांना चार पर्याय दिलेले असतात आणि उत्तरात पर्याय उलटे घालून बघायची युक्ती शिकवलेली असते. एमसीक्यूला ती कधी कधी चालते, एनएटीला तिचा काहीच उपयोग नाही. तिथे दशांशचिन्हानंतर किती आकडे हवेत ते प्रश्नातच सांगितलेलं असतं आणि अधिकृत उत्तरसूचीत बहुधा एक टप्पा दिलेला असतो, या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत सगळं बरोबर. मधल्या पायरीवर आकडा गोल केला तर उत्तर टप्प्याबाहेर जाऊ शकतं. चांगलं गाइड मधल्या पायऱ्यांना पुरेसे दशांश ठेवतं आणि शेवटी गोल करतं. ही बारीक गोष्ट वाटते, पण गेटमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचा व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर माउसने चालवावा लागतो, आणि त्यावर एक गणित दोनदा करायला वेळ नसतो. घरी सराव करतानाही तोच वापरा, हे जाता जाता सांगते.

जुन्या पेपरांचं संकलन असलेल्या गाइडांत वर्षं किती मोठी छापली आहेत ते बघून भुलू नका. "मागील ३० वर्षांचे प्रश्न" असं लिहिलं की मुलांना खजिना वाटतो. पण परीक्षा तेव्हापासून बरीच बदलली. मध्ये काही वर्षं पेपर १५० गुणांचा होता. एका प्रश्नाच्या उत्तरावर दुसरा प्रश्न लटकलेला, अशी जोडीही असायची. जुने प्रश्न संकल्पना पक्की करायला चांगले आहेत, मीही वर्गात घेते. पण ज्या पुस्तकात २०२१ नंतरचे प्रश्न मागे परिशिष्टात ढकललेले असतात किंवा सगळ्याच एमएसक्यूंना एकच पर्याय बरोबर दाखवलेला असतो, ते संपादकाने नीट वाचलेलंच नाही. आणखी एक खूण आहे. परीक्षेनंतर आधी तात्पुरती उत्तरसूची येते, तिच्यावर हरकती घेता येतात, मग अंतिम सूची येते. तिच्यात काही उत्तरं बदललेली असतात, एखाद्या प्रश्नाचे गुण सगळ्यांनाच दिलेले असतात. असा एखादा प्रश्न अंतिम सूचीतून शोधून ठेवा आणि गाइडात तो कसा छापलाय ते बघा. तात्पुरत्या सूचीतलंच उत्तर धरून, त्याला जुळेल असं स्पष्टीकरण लिहिलेलं सापडलं, तर त्या पुस्तकावरचा माझा विश्वास तिथेच संपतो.

सिव्हिलवाल्यांसाठी कोड, म्हणजे डिझाइनची अधिकृत नियमावली, ही याहून सोपी परीक्षा आहे. स्टील डिझाइनचं प्रकरण उघडा. आयएस ८०० या स्टीलच्या कोडची २००७ ची आवृत्ती लिमिट स्टेट पद्धतीवर आली, १९८४ ची वर्किंग स्ट्रेसवर होती. अभ्यासक्रमात दोन्ही पद्धतींच्या संकल्पना आहेत, म्हणून वर्किंग स्ट्रेस दिसला तर बिघडलं नाही. पण बोल्ट आणि वेल्डची सगळी गणितं जुन्याच पद्धतीने असतील तर पुस्तक वर्षानुवर्षं फक्त नव्या मुखपृष्ठात निघतंय. तसंच रस्त्यांचं. फ्लेक्झिबल पेव्हमेंटचा, म्हणजे डांबरी रस्त्यांचा, कोड आयआरसी ३७ आधी २०१२ ला आणि मग २०१८ ला बदलला. त्या प्रकरणात या वर्षांचा उल्लेखही नसेल तर बाकीच्या प्रकरणांत काय असेल याचा अंदाज करता येतो.

एकाच जाड खंडात सगळे विषय देणाऱ्या गाइडांबद्दल माझं मत चांगलं नाही. फ्लुइड मेकॅनिक्ससारखा विषय त्यात शंभरेक पानांत कोंबलेला असतो, म्हणजे सूत्रं आणि प्रश्न. ज्याचा विषय आधीच पक्का आहे त्याला शेवटच्या महिन्यात उजळणीला ते चालेल. ज्याला बाउंड्री लेअर म्हणजे काय हेच नीट कळलेलं नाही त्याला ते सूत्रांच्या यादीवरच थांबवतं. त्याने कॉलेजच्या लायब्ररीतलं विषयाचं मूळ पाठ्यपुस्तक घ्यावं, त्यातलं तेवढं प्रकरण वाचावं, आणि व्याख्यान लागलं तर एनपीटीईएलवर ऐकावं. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची ही व्याख्यानं फुकट आहेत, आणि आता एनपीटीईएलने गेटसाठी वेगळं पोर्टलही केलं आहे. त्यानंतर जुन्या प्रश्नांचं, विषयवार लावलेलं, नीट उकल दिलेलं एक गाइड पुरतं. खरंच एक पुरतं. त्यातला प्रत्येक प्रश्न दोनदा सोडवलेलं मूल तीन गाइडं अर्धी-अर्धी केलेल्या मुलाच्या पुढे जातं, हे मी दर वर्षी बघते.

झेरॉक्स नोट्सचं वेड वेगळंच. दिल्लीत बेर सराय, कटवारिया सराय भागातल्या क्लासेसच्या हस्तलिखित नोट्स तिथल्या दुकानांतून निघतात आणि आपल्याकडे फिरत फिरत येतात. अक्षर सुंदर, रंगीत पेनांनी चौकटी, बघूनच मुलं हरखतात. पण त्या नोट्स कुणीतरी वर्गात बसून, शिकवणाऱ्याचं बोलणं ऐकत लिहिलेल्या असतात. दोन ओळींच्या मध्ये जे बोललं गेलं ते कागदावर नाही. ज्याने लिहिल्या त्याला त्या पुरतात, दुसऱ्याला नाही. टेलिग्रामवरच्या पीडीएफबद्दल तर एवढंच म्हणेन की कुणाचं तरी कष्टाचं पुस्तक असं उचलू नये, आणि मोबाइलमध्ये बारा गाइडं साठवलेली मुलं त्यातलं एकही पूर्ण करत नाहीत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. जनरल अ‍ॅप्टिट्यूडमध्ये इंग्रजीचे प्रश्न असतात म्हणून ती घाबरतात आणि बँकेच्या परीक्षांची इंग्रजीची जाडजूड गाइडं घेऊन बसतात. गरज नाही. हा भाग दहाच प्रश्नांचा असतो: पाच एकेका गुणाचे, पाच दोन-दोन गुणांचे. त्यात भाषेबरोबर तर्क, आकृत्या, साधं अंकगणितही असतं. आणि तो फक्त सिव्हिलच्या पेपरात नसतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, अगदी केमिस्ट्री आणि आर्किटेक्चरच्या पेपरांतही असतो. वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांचे हे दहा प्रश्न वेगळे असतात. मागच्या चार-पाच वर्षांच्या सगळ्या शाखांच्या पेपरांतून तेवढेच काढले तरी सरावाला भरपूर होतात, तेही खुद्द परीक्षा घेणाऱ्यांनी काढलेले. गणिताचंही थोडंफार असंच. लिनियर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, डिफरन्शिअल इक्वेशन्स, प्रॉबॅबिलिटी हे मेकॅनिकलच्या पेपरातले प्रश्न सिव्हिलच्या मुलाने जरूर करावेत.

जुनं गाइड घ्यावं का? बिनदिक्कत घ्यावं. गेल्या वर्षीची आवृत्ती अर्ध्या किमतीत मिळत असेल आणि आत आधीच्याने पेनाने उत्तरं गिरवलेली नसतील, तर नव्यापेक्षा तीच बरी. मधला एक पेपर संकेतस्थळावरून घेता येतो. वाचलेल्या पैशांत चांगल्या टेस्ट सिरीजचं शुल्क निघतं, आणि नोव्हेंबरनंतर तिचा उपयोग दुसऱ्या कुठल्याही गाइडपेक्षा जास्त होतो.

पालकांनाही थोडं सांगते. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यावर एमटेकला प्रवेश मिळतो, पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांना एमटेकच्या काळात दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती असते, काही सरकारी कंपन्याही त्या स्कोअरवर मुलाखतीला बोलावतात. मुलीला किंवा मुलाला हे करायचं असेल तर पाठीशी उभे राहा. पण "तिच्याकडे अमुक क्लासचा संच आहे, आपल्याकडे का नाही" ही तुलना घरात येऊ देऊ नका. चार पुस्तकं कमी असली तरी चालेल, रोजचे सलग तीन तास शांतपणे मिळाले पाहिजेत. मुलींच्या बाबतीत हे जास्त कळकळीने सांगते, कारण पुस्तकांना नाही म्हणत नाहीत ती घरंही संध्याकाळच्या स्वयंपाकाला हाक मारतात.

आणि माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक मुलाने स्वतंत्र संच विकत घ्यावा, ही वेळच येऊ नये. विभागाने दोन-तीन चांगली गाइडं पारखून लायब्ररीसाठी मागवावीत. आमच्या विभागात पुस्तकांबरोबर एक वहीही ठेवली आहे. गाइडात चूक सापडली की मुलं पान आणि प्रश्न क्रमांक लिहून खाली बरोबर उत्तर देतात, आणि आमच्यापैकी कुणीतरी ते तपासून सही करतं. चूक शोधण्यासाठी मुलं मूळ पाठ्यपुस्तक उघडू लागली, हा सगळ्यात मोठा फायदा. ग्रंथपालांना एवढंच सांगा की ही पुस्तकं घरी न देता रेफरन्सला ठेवावीत आणि ऑगस्ट ते फेब्रुवारी वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं राहावं. वसतिगृहातल्या मुलांना सात वाजता बाहेर काढलं तर त्या पुस्तकांचा त्यांना काही उपयोग होत नाही.